सही त्याची, मूल दोघांचं

*ताई, मी तीस वर्षांची. माहेर कराडकडचं, नोकरी ठाण्यात. दोन वर्षांपूर्वी वसईच्या कॅथलिक मुलाशी लग्न केलं. मी धर्म बदललेला नाही, बदल असं कुणी म्हटलंही नाही. लग्न चर्चमध्ये झालं, दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्यांसाठी हॉलवर मंगलाष्टकं झाली. आता मला सातवा महिना आहे. परवा सासूबाई सहज बोलून गेल्या, की बाळाचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, महिन्याभरात उरकू, ह्याने लग्नाच्या वेळी तसं लिहूनच दिलंय. रात्री ह्याला विचारलं तर म्हणाला, "अगं, फक्त फॉर्म होता तो." फादरनी तेव्हा काहीतरी समजावलं होतं आणि मी मान हलवली होती. खरं सांगते, डोक्यात केटररचं गणित चाललं होतं. आमचं दोघांचं ठरलं होतं, की मूल मोठं झालं की ते स्वतःच धर्म ठरवेल. आईला कळल्यापासून ती रडतेय. "नातवंड आपलं राहणार नाही, बाबांच्या जमिनीतही तुझं काही उरणार नाही" म्हणते. डोहाळजेवणात एका मामींनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं, जनार्दन की जॉन?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मी काही फार देवदेव करणारी नाही. संध्याकाळी दिवा लावते, आजीने शिकवलेलं शुभंकरोति म्हणते, तेवढंच. पण तेवढंही कुणीतरी काढून घेतंय असं वाटायला लागलंय. सही त्याने केली, मूल माझ्या पोटात आहे. मी काय करू? आणि नाव तरी मराठी ठेवता येईल ना?*

अगं, आधी त्या कागदाचं बघू. तू, नवरा आणि सासूबाई, तिघांपैकी एकानेही तो नीट वाचलेला नाही, असं पत्रावरून दिसतंय.

कॅथलिक माणसाला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर बिशपांची खास परवानगी लागते. ती मिळण्याआधी कॅथलिक जोडीदाराकडून दोन गोष्टी लिहून घेतात. आपण आपली श्रद्धा सोडणार नाही, ही एक. आणि होणाऱ्या सगळ्या मुलांचा स्नानसंस्कार व्हावा, ती कॅथलिक श्रद्धेत वाढावीत, यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करू, ही दुसरी. तुझ्याकडून काहीच लिहून घेतलेलं नाही. पूर्वी घ्यायचे. चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेत दोघांनाही वचन द्यावं लागे. पोप सहावे पॉल यांनी 1970 मध्ये ते बदललं आणि 1983 च्या आजच्या संहितेतही तेच कायम आहे: वचन फक्त कॅथलिक जोडीदाराचं, दुसऱ्याला त्याची वेळेवर आणि स्पष्ट कल्पना द्यायची. फादरांनी तुला सांगितलं ते हेच. म्हणजे त्यांनी त्यांचं काम केलं, आणि तू केटररचं. यात गुन्हा नाही. लग्नाच्या महिन्यात मुलीच्या डोक्यात दुसरं काय असणार?

आता त्यातले शब्द बघ. "होईल ते सगळं करीन." "करूनच दाखवीन" असं तिथे नाही. संसार मोडून, बायकोला फसवून, तिच्या पाठीमागे उरकून टाकीन, असंही नाही. चर्चलाही ठाऊक आहे की या लग्नात दुसरं माणूस आहे आणि त्यालाही मन आहे. पण म्हणून तो "फक्त फॉर्म" ठरत नाही. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं असेल तर हे वाक्य. आईला सांगायचं, मी वचन दिलंय. बायकोला सांगायचं, फॉर्म होता. यातलं एक खोटं आहे, आणि कोणतं ते त्याने स्वतःशी तरी ठरवायला हवं. मला तुमच्या घरात धर्माचं भांडण दिसतच नाही. एक माणूस दोन बायकांना दोन उत्तरं देऊन कॉटवर पडून मोबाइल बघतोय, एवढंच दिसतं.

म्हणून पहिलं काम: या रविवारी त्याला घेऊन बस. धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात त्या कागदाची प्रत असते, ती मागून आणा. त्यालाच मोठ्याने वाचायला लाव. मग भांडू नकोस, विचार. दर रविवारी मुलाला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कोण नेणार? पुढे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला कोण सोडणार? सातव्या-आठव्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) घ्यायची वेळ येईल तेव्हा घरी प्रार्थना पाठ करून कोण घेणार? रात्री झोपताना क्रूसाची खूण करायला कोण शिकवणार? "आई बघेल ना" असं उत्तर आलं तर तिथेच थांबव. सही आईची नाही. सासूबाई सत्तरीकडे झुकल्यात, वसईला राहतात, तुम्ही ठाण्यात. आठवड्यातून एकदा लोकलने येऊन मुलाला कॅथलिक करणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नाही. आणि तू ते काम करावंस अशी अपेक्षा असेल, म्हणजे वचन त्याचं आणि राबणारी तू, तर सरळ नाही म्हण. आपल्याकडे मुलाचं दूध, लस, गृहपाठ सगळं आईच्या गळ्यात पडतं. त्यात त्याचा धर्मही पडू देऊ नकोस.

तो स्वतः मिस्साला जातो का, ते तू लिहिलेलं नाहीस. नाताळ आणि ईस्टर एवढंच असेल, तर ही चर्चा आणखीच गरजेची आहे.

आता "मूल मोठं झालं की ते ठरवेल" याबद्दल. तुम्हाला आवडणार नाही, पण हे मला पटत नाही. ऐकायला फार उदार वाटतं. प्रत्यक्षात मूल अठराव्या वर्षापर्यंत थांबत नाही. ते चौथ्या वर्षी विचारतं. माझ्या भाचीच्या मुलाने पणजी गेल्यावर भर बैठकीत विचारलं होतं, "पणजी कुठे गेली?" आईबाप दोघेही शिकलेले, "तू मोठा झालास की ठरव" या पंथाचे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी कामाला येणाऱ्या मावशी केरसुणी बाजूला ठेवून म्हणाल्या, "देवाकडे गेली, तिथं तिला कुणी औषधं देत नाही." मुलाचं समाधान झालं. त्याच्या पहिल्या धर्माच्या गुरू त्या मावशी. ठरवायचं तर हातात आधी काहीतरी लागतं ना? एक गोष्ट, एक प्रार्थना, एक सण. तेही आपल्याला मनापासून पटलेलं.

या बाबतीत तुमचे दोन्ही धर्म तुम्हाला वाटतात तेवढे लांब नाहीत. मंगलाष्टकांच्या हॉलवर सप्तपदी झाली की नाही ते तू लिहिलं नाहीस, पण आश्वलायन गृह्यसूत्रातल्या सात पावलांत पाचवं पाऊल प्रजेसाठी आहे. आपल्या परंपरेत मूल हे पितृऋण फेडायचं साधन. तुझी आई "नातवंड आपलं राहणार नाही" म्हणते त्याच्या तळाशी हेच असणार: पाणी कोण देईल, नाव कोण चालवेल. पण बृहदारण्यक उपनिषदात एक वाक्य आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. शिकवलेल्या मुलालाच 'लोक्य', म्हणजे बापाला त्याचा लोक मिळवून देणारा, म्हणतात, म्हणून त्याला शिकवतात. नुसतं जन्माला घालून ऋण फिटत नाही, असा त्याचा अर्थ मी लावते. तिकडे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये शिक्षणावर जे घोषणापत्र काढलं, त्यातही आईबाप हेच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय. फादर नाहीत, शाळा नाही, आजी नाही. दोन्हीकडून बोट तुमच्याकडेच येतंय.

मात्र एक फरक आहे आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. पुष्कळ लोक तुला सांगतील, "त्यात काय, बारसंही करा, बाप्तिस्माही करा, दोन्हीकडचे खूश." वजनाला या दोन गोष्टी सारख्या नाहीत. बारसं म्हणजे नाव ठेवणं. त्याने मूल कशाला बांधलं जात नाही. स्नानसंस्कार चर्चच्या दृष्टीने एकदाच होतो, पुसला जात नाही, आणि त्या दिवसापासून मूल कॅथलिक म्हणून नोंदवलं जातं. तेव्हा निम्मं-निम्मं वाटून घेतलं असं समजून संमती देऊ नकोस. द्यायची तर काय देतेस ते ओळखून दे.

आणखी एक. चर्चच्या नियमाप्रमाणे तान्ह्या बाळाच्या स्नानसंस्काराला आईवडिलांपैकी निदान एकाची संमती पुरते. म्हणजे नियमाचं बोलायचं तर तुझ्याशिवायही होऊ शकतं. पण त्याच नियमात पुढे असंही आहे, की मूल त्या श्रद्धेत वाढेल अशी भक्कम आशा हवी, आणि ती मुळीच नसेल तर संस्कार पुढे ढकलावा. हे सासूबाईंना सांग, भांडून नाही, माहिती म्हणून. "महिन्याभरात उरकू" हा त्यांचा शब्द. त्यांच्या चर्चला उरकण्यात रस नाही.

माझं मत विचारशील तर असं. नवरा वरच्या प्रश्नांना "मी करीन" असं उत्तर देत असेल आणि बाळ यायच्या आधीचे हे दोन महिने स्वतः रविवारी उठून मिस्साला जात असेल, तर स्नानसंस्काराला हो म्हण. त्याने शब्द दिलाय, तू तो ऐकून लग्न केलंयस, भले अर्ध्या कानाने. त्याला तो पाळता येईल असं घर असू दे. आणि तो उठत नसेल, तर सांग की थांबू या. सहा महिने, वर्ष, तो तयार होईपर्यंत. हे तू त्याच्या धर्माच्या आड येणं नाही. उलट तू त्याच्या सहीला त्याच्यापेक्षा जास्त मान देतेयस.

पण दोन्हीपैकी काहीही झालं तरी एक गोष्ट त्याच्याकडून आजच कबूल करून घे: तुझ्या गैरहजेरीत, तुला न सांगता, काहीही नाही. हे मी इतकं ठासून का सांगते, तर माझ्या हातून ते झालंय. माझे यजमान कर्मकांड न मानणारे. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा सासऱ्यांनी मुंजीचं काढलं. यजमान नाही म्हणाले. मी काहीच म्हणाले नाही, गप्प बसणं हीच समजूतदारी वाटायची तेव्हा. मग ते पंधरा दिवस फिरतीवर गेल्याचं बघून गावी मुंज उरकली, माझ्या देखत, माझ्या हातच्या मातृभोजनासकट. ते परत आले तेव्हा पोरगा उन्हाळ्यात डोक्यावर माकडटोपी घालून बसला होता. आजोबांनी सांगितलं होतं, बाबांना लगेच दिसू देऊ नकोस. टोपी काढल्यावर चकोट आणि शेंडी. यजमान एक शब्द बोलले नाहीत, आत निघून गेले. रात्री पोराने मला विचारलं, "आई, मी काय चूक केली?" त्याला आता चाळिशी लागली. मुंजीचे फोटो अजून बघत नाही. मुंज वाईट नव्हती. आम्ही ती चोरून केली.

आईचं. तिचे दोन मुद्दे आहेत, ते वेगवेगळे कर. जमिनीचं सोपं आहे. ख्रिश्चन माणसाशी लग्न केल्याने तू ख्रिश्चन झालेली नाहीस, आणि हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जो हक्क मिळाला तो या लग्नाने जात नाही. तुमचं चर्चमधलं लग्न 1872 च्या भारतीय ख्रिश्चन विवाह कायद्यात बसतं. त्यात दोघांपैकी एक जण ख्रिश्चन असला तरी चालतं. मात्र कुणी "स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली पुन्हा नोंदवून टाका, बरं असतं" असं सुचवलं तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नकोस. 1954 च्या त्या कायद्यात एकत्र हिंदू कुटुंबातून वेगळं झाल्याचं धरतात आणि वारसाचे नियमही बदलतात. आणि तुम्ही दोघांनी मृत्युपत्रं करून ठेवा. दोन धर्मांच्या घरात वारसाहक्काचा प्रश्न कायद्यावर सोडू नये.

शाळेच्या अर्जावरच्या धर्माच्या रकान्याचा घोर आतापासून नको. धर्म जाहीर करायची सक्ती कुणावर करता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलंय.

"नातवंड आपलं राहणार नाही" हे अवघड आहे, कारण ते कागदाने सुटत नाही. तरी कायद्यातली एक गंमत आईला सांग. आईबापांपैकी एक जण हिंदू असेल तर मूल हिंदू कधी धरायचं? 1956 चा हिंदू वारसा कायदा म्हणतो, ते त्या आईच्या किंवा बापाच्या कुटुंबात, समाजात वाढवलं गेलं असेल तर. वाढवलं गेलं, एवढंच. आपल्याकडे मूल दाखल करायची वहीच नाही. जे आहे ते दिवेलागणीला आहे, आणि ते तुझ्या हातात आहे. तू दिवा लावतेस, शुभंकरोति म्हणतेस. मूल कडेवर असताना म्हण. ते हात जोडेल, बोबडं म्हणेल, "कल्याणम्"चं काहीतरी भलतंच करेल. त्याला फादरांची परवानगी लागत नाही आणि नवऱ्याच्या सहीने ते थांबत नाही. त्याच मुलाने रात्री बापाबरोबर क्रूसाची खूण केली तर त्याचा गोंधळ उडेल, ही भीती मोठ्यांची. घरात दोन भाषा बोलणारी मुलं कुठली भाषा कुणाशी बोलायची हे बिनचूक ओळखतात. गोंधळ उडतो तो आईबाप एकमेकांच्या प्रार्थनेला नाक मुरडतात तेव्हा.

आणि आई "त्यांचं सगळं वेगळंच" म्हणत असेल, तर तिला सांग, मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा 1616 मध्ये छापली गेलीय. ती लिहिणारे फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज, पण ग्रंथ लिहायला बसले तेव्हा त्यांना मराठीच हवी होती. वसईच्या फादर दिब्रिटोंना 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा तिने पेपरात वाचलं असेलच. शक्य असेल तर बाळंतपणाआधी एकदा तिला वसईला चार दिवस ने. दोघी विहिणी मिळून डिंकाचे लाडू वळू दे. तुझी आई ज्या घराला घाबरतेय ते तिने लग्नाच्या गर्दीशिवाय पाहिलेलंच नाही, पैज लाव.

लक्ष्मीबाई टिळकांचं आठवतं का? 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या झाल्या नाहीत. लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या, आणि पुढे ख्रिस्ती झाल्या तेव्हा स्वतःला पटलं म्हणून. नवऱ्याच्या घाईने नाही. तुझ्यावर तर तशी वेळही नाही. पण आपला आपण वेळ घ्यायचा, हे त्या बाईकडून शिकण्यासारखं आहे.

मामींना पुढच्या वेळी उत्तर द्यायचंच असेल तर हसून म्हण, "तुम्ही सुचवलेली दोन्ही सोडून." त्यापेक्षा जास्त वेळ त्यांना देऊ नकोस.

नावावरून आठवलं. मराठी नाव बिनदिक्कत ठेवा. चर्चचा नियम एवढाच, की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. वसईत मराठी नावांचे कॅथलिक हवे तेवढे भेटतील, तुझ्या नवऱ्याच्याच चुलत भावंडांत असतील. तेव्हा एकच नाव ठेवा, दोन्हीकडे चालणारं. कागदावर एक आणि घरात एक असं करू नका. स्नानसंस्काराला धर्ममाता कॅथलिकच लागते, म्हणजे तिथे तुझ्या माहेरच्या कुणाला उभं राहता येणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेव, ऐन वेळी दुखावेल. पण बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे तुझी नणंद. तिला आत्ताच कळव. पाळण्यात वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं, आणि मागून कराडच्या सगळ्या बायका पाठीत धपाटे घालणार आहेत, तेव्हा साडी जरा जाड नेस म्हणावं.